मोरवेकर मोठा की चंद्रहास

तात्या पोवारांनी सुपारी फोडायला बत्ता उचलला आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या जिभेला खाज सुटली.

“इंगवले पाव्हणं,” ते माझ्या वडलांना म्हणाले, “जावई तुम्हाला साक्षात चंद्रहास मिळालाय बगा! त्यो भांग, ती मान. कोट तेवढा चढवा, पडद्यावरनं खाली उतरल्यागत दिसंल.”

बत्ता हवेतच राहिला. खाली खलात हळदकुंकू लावलेली सुपारी, शेजारी ताटात नारळ आणि गुळाचा खडा. आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग कुणी काही म्हणो, ते मोडत नाही. आणि फुटली नाही तोवर काहीच ठरलेलं नसतं. मी माजघराच्या दाराआड चहाचा ट्रे धरून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, तात्या, आधी हात खाली आणा, मग काय बोलायचं ते बोला.

आप्पा हसले. “चंद्रहास नगो ओ तात्या. दुसरं कायबी म्हणा. चंद्रहास म्हंजे खुंटीला अडकवलेला कोट. दिसतो झ्याक, पर आत मानूस कुठं हाय?”

भावकीतले दोघे-तिघे खो-खो हसले. मुलाचे वडील बळवंतराव सासने हसले नाहीत. गडहिंग्लजचे मिरचीचे व्यापारी, भरदार मिशा, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मांडी बदलली.

“म्हंजे तुमच्या मतानं मोठा नट कोण?” त्यांनी विचारलं.

“त्यात मत कशाला पायजे?” आप्पा म्हणाले. “मोरवेकर.”

तात्यांनी बत्ता हळूच खाली ठेवला.

आता ही दोन्ही नावं सांगितली तर नातवंडं माझ्याकडं बघत राहतात. पण त्या काळी कोल्हापुरात देवळाच्या पारावर, तालमीत, न्हाव्याच्या दुकानात याच एका प्रश्नावर माणसांचं बोलणं बंद व्हायचं. चंद्रहास नायक. घोड्यावर बसला की पुढच्या रांगेतून टोप्या उडायच्या. मोरवेकर कधीच नायक झाला नाही. कुणाचा बाप, कुणाचा गडी, कुणाचा दारुडा मामा. पण तो पडद्यावर आला की थेटरात भुईमूग फोडायचा आवाज थांबायचा. आप्पा गुळाच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर काटा बघायचे आणि संध्याकाळी त्याच नजरेनं नट जोखायचे.

मला दोन्ही नटांचं काही पडलं नव्हतं. मला खाली मान घालून बसलेला तो मुलगा हवा होता. दिनकर सासने.

आणि एक गोष्ट त्या बैठकीत दोघांनाच ठाऊक होती, मला आणि त्याला. तो कोल्हापुरातच एका सोसायटीत कारकून होता. मी ज्या शिवणक्लासला जात होते, त्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर त्याची कचेरी. जिन्यात एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला, त्यानं खिशातून टाचणी काढून दिली. टाचणीनं चप्पल जोडली गेली नाही, दुसरंच काही जोडलं गेलं. माझी मैत्रीण विमल हिला मध्ये बसवून आम्ही दोनदा दुपारच्या खेळाला गेलो होतो. एवढंच. पण तेवढंही उघड झालं असतं तर त्या काळी पोरीला विहीर जवळ करावी लागायची. म्हणून त्यानं कचेरीतल्या एकाकरवी तात्यांच्या कानावर घातलं की सासन्यांचा मुलगा लग्नाचा आहे. स्थळं जुळवणं हा तात्यांचा जीव की प्राण. त्यांनीच ते “शोधून” आणलं. बघायच्या दिवशी दिनकरनं मला विचारलं होतं, “नाव काय आपलं?” आणि मी पदर सावरत सांगितलं होतं, “मालन.” त्या दिवशी हसू आवरताना माझे गाल दुखले होते.

आज हसू येत नव्हतं.

“मोरवेकर!” बळवंतराव म्हणाले. “आवो, तो नट हाय व्हय? घोड्यावर बसता येत न्हाई, तलवार धरता येत न्हाई. निस्तं तोंड पाडून बसायचं. तसं तर आमच्या वखारीतला गडीबी बसतोय.”

“गडी बसतोय तो खरा बसतोय,” आप्पा म्हणाले. “मोरवेकर खोटा बसतो आणि खरा वाटतो. फरक हाय पाव्हणं.”

“चंद्रहासनं बापाच्या चितेपुढं उभा राहून डोळ्यातनं टिपूस काढला न्हाई. अख्खं थेटर रडत होतं, ह्यो गडी ताठ! ह्याला म्हणायचं नट.”

“टिपूस काढला न्हाई का निघाला न्हाई?”

पुन्हा हशा. या वेळी तात्या हसले नाहीत. त्यांनी घाईनं बत्ता हातात घेतला. “बरं का, मुहूर्त टळतोय…”

“थांबा जरा तात्या,” बळवंतराव म्हणाले. “बोलणं अर्धं ठेवून शुभकार्य करू नये.”

बत्ता परत खाली.

जात्यात खडा सापडावा तसं माझ्या दातांत काहीतरी करकरत होतं. आप्पांना मी ओळखत होते. बाजारात एखाद्यानं पासरीभराची घट मागितली, तर हे दुपारच्या उन्हात ढेप पुन्हा काट्यावर चढवायला लावणार. आणि समोरचा मिरचीवाला. दोघांपैकी कुणाच्याच घराण्यात माघार नावाचा देव पुजलेला नव्हता.

मागून भागूआत्ती आली. आप्पांची थोरली बहीण. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. तिनं माझ्या हातातल्या ट्रेवर बोट ठेवलं.

“निवला की गं.”

“मग मी काय करू?” मी दात ओठ खात म्हणाले. “मध्ये जाऊन वतू ह्यांच्या डोसक्यावर?”

“आण हिकडं.” आत्तीनं ट्रे घेतला, डोक्यावरचा पदर ओढला आणि सरळ बैठकीत गेली. बायकांनी अशा बैठकीत जायचा रिवाज नव्हता. पण आत्तीच्या जिभेवर ओव्या होत्या, आणि ओवीला कुणी अडवत नाही. कपबशा ठेवता ठेवता तिनं सूर लावला, जात्यावर बसल्यागत, कुणाकडंच न बघता:

“पडद्यावरचा राजा बाई, दिवा लागता निघून गेला
उंबऱ्यातल्या पाव्हण्याचा, च्या बशीत निवून गेला.”

“वा आक्का!” तात्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांनी बशा तोंडाला लावल्या. दिनकरनं पहिल्यांदा मान वर केली आणि दाराच्या फटीकडं बघितलं. मी डोळ्यांनी म्हणाले, काहीतरी कर. तो परत बशीत बघायला लागला.

ओवीनं घोटभर शांतता मिळाली. मग आप्पांनीच मिशा पुसून ती मोडली.

“त्यो भाकरीचा प्रसंग बघितलासा काय पाव्हणं?”

मी फटीतून दिनकरकडं बघितलं.

“कुठला?”

“लेक सासरी गेलीय. घरात मोरवेकर एकटा. चुलीवरनं भाकरी काढतो. एक त्याच्या ताटात. दुसरी मोडतो, अर्धी लेकीच्या ताटलीत ठेवायला हात पुढं करतो. ताटलीच न्हाई. हात तसाच राहतो. मग ती अर्धी परत टोपलीत ठेवतो आणि टोपली झाकतो. बास. एक शब्द न्हाई, रडणं न्हाई. सांगा, तुमच्या चंद्रहासला जमंल?”

सांगताना आप्पांचा आवाज बसला होता. बैठकीत दोघं-तिघं खाली बघायला लागले. उद्या आप्पांच्याही घरात एक ताटली कमी होणार होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ते ऐन वेळी दुसऱ्याचा पडदा आणून आमच्या घरात लावतायत.

“चंद्रहास असल्या भाकऱ्या कशाला भाजंल?” बळवंतराव म्हणाले. “त्याच्या घरी बायका न्हाईत?”

“आवो, सिनेमात!”

“सिनेमातबी त्यो राजाच असतो. आणि स्पष्ट सांगतो इंगवले, रागवू नगा. ज्या घराला चंद्रहास कळत न्हाई, त्या घरातली मुलगी आमच्यात आणायची म्हंजे मला इचार करावा लागंल.”

थट्टेचा सूर होता, पण थट्टा राहिली नव्हती. तात्यांनी कपाळावरचा घाम धोतराच्या सोग्यानं पुसला. भावकीतला एक जण म्हणाला, “गुळाच्या घरात मिरची आली की असंच व्हायचं.” कुणी हसलं नाही.

“करा की इचार,” आप्पा म्हणाले. “आम्ही कुठं घाई केलीया?”

आत्तीनं आतून हाक मारली. हाक कसली, हुकूमच. “ज्ञानू! जरा आत ये.”

आप्पा आत आले. चेहरा लाल, मान ताठ. आत्तीनं दार लोटलं.

“नट तुला जेवाय घालणार हाय?”

“अगं आक्का, त्यो म्हणतोय…”

“म्हणू दे. तुझा मोरवेकर काय तुझ्या दारात अक्षता टाकायला येणार हाय? पोरीकडं बघ.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.  बोलले असते तर रडले असते, आणि रडायचीही चीड आली होती. इतके दिवस एकेक काडी जमवून बांधलेलं घरटं, आणि ही दोन म्हातारी पोरं कुणाच्या पतंगाला शेपूट मोठं म्हणून त्या फांदीवर नाचतायत.  माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं कोण जाणे. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

“लई आवडलाय का गं पोरगा?”

मी मान हलवली.

ते बाहेर गेले. मांडी घालून बसले आणि दोन्ही हात जोडले. “पाव्हणं, हरलो. चंद्रहासच मोठा. तात्या, हाणा बत्ता.”

हे शब्द त्यांच्या तोंडून कसे निघाले ते मला ऐकू आलं. बैलाच्या पायातला खिळा काढताना येतो तसा आवाज होता. पण निघाले.  दाराला टेकून मी डोळे मिटले.

“आता कसं!” बळवंतराव खूष झाले. तेवढ्यावर थांबले असते तर आज ही गोष्टच नसती. पण जिंकलेल्या माणसाला नुसतं जिंकून भागत नाही, सगळ्या गावानं जिंकलास म्हणावं लागतं. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली.

“सांग रं दिनकर, तूबी सांग. सासऱ्याच्या तोंडावर. मोठा कोण?”

दिनकरनं बशी खाली ठेवली. “चंद्रहास.”

“आणि मोरवेकर?”

“मोरवेकरचा…” त्यानं एकदा बापाकडं बघितलं. “मोरवेकरचा मी एकबी सिनेमा बघितला न्हाई.”

एवढं बोलायची गरजच नव्हती! चंद्रहास म्हणाला असता आणि गप्प बसला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तो भाकरीचा प्रसंग त्यानं माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसून बघितला होता. मी पडदा सोडून त्याच्याकडं बघत राहिले होते, आणि तेव्हाच ठरवलं होतं की बाई गं, हाच. तेवढी एकच गोष्ट माझ्या पदराच्या गाठीत होती. ती त्यानं सगळ्यांसमोर सोडून फेकून दिली.

“खोटं,” मी म्हणाले.

दाराआडून नाही. मी उंबऱ्यात आले होते. कधी आले ते मला कळलं नाही.

“खोटं बोलताय तुम्ही. भाकरीच्या जागेला रडला होता.”

बैठक गार पडली.  मी काय बोलले ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं.

बळवंतरावांनी सावकाश मान वळवली. आधी माझ्याकडं, मग मुलाकडं. “हिला कसं ठावं रं?”

“मला काय म्हाईत?” दिनकर म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. “मी ओळखत न्हाई ह्यांना. बघायला आलो तवा बघितलं तेवढंच. शपथ.”

शपथ. त्या शब्दापाशी त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

बळवंतरावांची नजर परत माझ्यावर आली. आता ती वेगळी होती. मिरचीच्या पोत्यात हात घालून माल नासका आहे का बघतात तशी. तात्यांचं तोंड उघडं. भावकीतल्यांच्या माना एकमेकांकडं वळायला लागल्या. पुढचं वाक्य बळवंतरावांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात खल ताटावर आदळला.

आप्पा उभे राहिले होते. नारळ घरंगळत भिंतीपाशी गेला, सुपारी कुठं उडाली ती दिसलीच नाही.

“ऐकलासा?” आप्पा ओरडले. घसा फुटेल असे. “माझ्या पोरीलासुद्धा कळतं की त्या जागेला दगड रडंल! माणसाची जात असंल त्यो रडलाच असणार, म्हणून बोलली ती. आणि तुमचं पोरगं म्हणतंय बघितलाच न्हाई! सिनेमाच बघितला न्हाई आणि मोठा कोण ते सांगतंय!”

“आवो इंगवले…”

“गप! मी हरलो म्हणालो ते कुणी खरं धरू नगा. माझी जीभ झडो. मोरवेकर मोठा! चंद्रहास त्याच्या वहाणेपाशी बसायच्या लायकीचा न्हाई. आणि चंद्रहासवाल्याच्या घरात मी लेक देत न्हाई. उठा!”

“अरे, नटापायी?” तात्या रडकुंडीला आले. “ज्ञानू, नटापायी लग्न मोडतोस?”

“मोडलं! जा, सांगा गावभर. ज्ञानू मापाड्यानं मोरवेकरपायी सोयरीक मोडली म्हणावं!”

बळवंतराव उठले. रागानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या. माझ्याविषयीचं ते वाक्य त्यांच्या ओठांवरून कधीच पुसलं गेलं होतं. तिथं आता दुसरंच आलं होतं. “नटापायी लेकीचं वाटोळं करणारा बाप आज पहिल्यांदा बघितला. चल रं दिनकर. यड्यांच्या घरात थांबू नये.”

दिनकर माझ्याकडं न बघता बापामागून गेला. उंबऱ्यापाशी त्याला चपला सापडत नव्हत्या. दुसऱ्याच कुणाच्या तरी घालून गेला.

मी आप्पांवर जी चवताळले ती चवताळलेच. काय काय बोलले ते आता आठवायला नको. हात जोडून हरला होता तुम्ही, मी म्हणाले, मग परत कशाला उठला? तो माझ्याशी कसा वागला ते माझं मी बघितलं असतं. माझा निकाल मला लावू द्यायचा होता. पण तुम्हाला तुमचा मोरवेकर प्यारा! आप्पा कोपऱ्यात वाकून सुपारी शोधत होते. आत्ती मला आत ओढत होती आणि म्हणत होती, “गप माले, गप. भिंतीला कान असतात.” मला वाटलं ती भावाची बाजू घेतेय.

पुढं कितीतरी दिवस मी आप्पांशी बोलले नाही. बाजारात जेवणाचा डबा नेऊन द्यायची तो ढेपांच्या थप्पीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. गावात मात्र सगळे बोलत होते. तात्यांनी ती गोष्ट पेठेपेठेतून फिरवली. न्हाव्याच्या दुकानात हशा, तालमीत हशा. शिवणक्लासच्या बाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, “बिचारी गं. बाप असा असला की काय करायचं.” बिचारी. माझ्या नावापुढं तेवढा एकच शब्द लागला. दुसरा कुठलाही लागला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण रागानं डोळे भरलेले असले की समोरचा डोंगरसुद्धा दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या कचेरीतून दिनकर बदली घेऊन गेला असं विमलनं सांगितलं.

मग एकदा बाजार लवकर उठला. मी डबा परत न्यायला गेले होते, आणि आप्पा माझ्याबरोबरच घरी निघाले. ते पुढं, मी चार पावलं मागं. गूळ-बाजारातल्या रस्त्यावर पायाखाली चिकट होतं, चपला चटचट वाजत होत्या.  मग मागं न बघता आप्पा म्हणाले:

“भाकरीच्या जागेला खरंच रडला होता का गं त्यो?”

मी थांबले. ते थांबले नाहीत. मला पळत जाऊन त्यांना गाठावं लागलं.

“व्हय,” मी म्हणाले.

“हुंदका देऊन?”

“रुमाल दाताखाली धरला होता. आवाज येऊ नये म्हणून.”

आप्पा चालत राहिले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मान हलवली, काटा बरोबर मध्ये आल्यावर हलवायचे तशी.

“मग मोरवेकर मोठाच,” ते म्हणाले.

आणि मला सगळं एकदम कळलं. आप्पांनी ऐकलं होतं. मी उंबऱ्यात येऊन काय बोलले, त्याचा अर्थ काय होतो, आणि बळवंतराव पुढच्या श्वासाला काय बोलणार, सगळं. सगळ्या बैठकीत फक्त त्यांनीच ते पुरतं ऐकलं होतं. म्हणून तर तो खल आपटला होता.

“आप्पा,” मी म्हणाले, “मी सांगते सगळ्यांना. तुम्हाला येडं म्हणत्यात…”

“काय सांगणार?” पहिल्यांदा ते मागं वळले. “सांगितलं की माझा आरडाओरडा वाया गेला. गप चल. चाललंय ते बरं चाललंय.”

त्यांनी पुढं ते कधी काढलं नाही. मलाही काढू दिलं नाही. पण गाव काढत राहिलं, आणि गावानं काढलं की आप्पा दरवेळी तयार. चहाच्या हाटेलात कुणी मुद्दाम म्हणायचं, “ज्ञानूकाका, चंद्रहासचा नवा सिनेमा आलाय म्हणं,” की आप्पा टेबलावर मूठ आपटायचे, डोळे वटारायचे, सोयरीक मोडल्याचा प्रसंग नव्यानं करून दाखवायचे. दरवर्षी त्यात थोडी भर. खल आता एकदा आपटत नव्हता, तीनदा आपटत होता. लोक पोट धरून हसायचे. मी तिथून जात असले की मान खाली घालायची. लोकांना वाटायचं मला बापाची लाज वाटते. दोन उन्हाळ्यांनी सांगलीचं स्थळ आलं. त्यांनी चौकशी केली तेव्हा गावानं काय सांगितलं? मुलगी गाईसारखी गरीब, बाप तेवढा सिनेमाच्या नादी. लग्न झालं, संसार झाला, पोरं झाली. नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नाही. सासरी माहेरची थट्टा निघाली की तीच गोष्ट निघायची, आणि मी पोळ्या लाटत ऐकायची. लाटण्याखाली कधी कधी पोळी फाटायची.

आप्पा म्हातारे होऊन गेले. भागूआत्ती त्यांच्या आधीच गेली होती. तेराव्याला मांडवात सगळी पेठ जमली. जेवणं झाली, पानं आली, आणि व्हायचं तेच झालं. तात्या पोवार काठी टेकत पुढं सरकले आणि म्हणाले, “असा मानूस परत हुणार न्हाई. नटापायी लेकीची सोयरीक मोडली बगा पठ्ठ्यानं!” त्यांनी सगळा प्रसंग करून दाखवला. लोक हसले, हसता हसता डोळे पुसले. माझी पोरं हसली. आप्पांच्या फोटोला घातलेला हार वाऱ्यानं हलत होता.

तेव्हा मला सहन झालं नाही. आता कुणाची अब्रू जायची होती? माझी साठी आली होती. पंगतीला वाढायला माझ्या सुना होत्या.

“तात्या,” मी म्हणाले, “तसं न्हाई ते. आप्पांनी नटापायी काय मोडलं न्हाई.”

आणि मी सगळं सांगितलं. शिवणक्लास, जिना, दुपारचा खेळ, दिनकरचं रडणं, त्याचं नाकारणं, बळवंतरावांची नजर. आप्पांनी ते सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि जन्मभर उतरवलं नाही, हेही सांगितलं. 

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

“माले, पोरी, ते स्थळ मी शोधलंय गं. माझ्या ह्या पायांनी गडहिंग्लजला जाऊन. तुझी आणि त्याची ओळख कुठली? आणि तू सिनेमाला? तू तर मान वर करून चालत नव्हतीस.”

“खरं सांगते तात्या. भागूआत्तीनं त्याच दिवशी ओळखलं होतं.”

“भागूआक्का तर गेली,” ते मायेनं म्हणाले. “असू दे. बाप गेल्यावर लेकीनं पांघरूण घालायचं असतं. घालावंच. पर आम्ही त्याला त्याच्या येडेपणासकट जीव लावला, तू काळजी करू नगो.”

“अहो, पांघरूण त्यांनी घातलं होतं!” मी ओरडलेच. थोरला मुलगा उठून जवळ आला, पाठीवर हात फिरवून म्हणाला, “आई, पाणी पी जरा.”

मांडवाच्या टोकाला बसलेल्या कुणाला तरी ऐकू आलं नव्हतं. तो मोठ्यानं विचारत होता, “काय म्हणती मालन?”

“काय न्हाई,” तात्या त्याला म्हणाले. “बापाची लेक हाय.”